संगणकाला हार्ड डिस्क सापडत नाही तेव्हा

शाळेचे दाखले, ग्रामपंचायतीची करआकारणी, सहकारी संस्थेची खाती अशी पूर्वी जाड नोंदवह्यांत राहणारी माहिती आता संगणकाच्या हार्ड डिस्कवर साठविली जाते. एखाद्या सकाळी संगणक सुरू करावा आणि काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढीच ओळ उमटावी, म्हणजे काम तर थांबतेच, पण सारी माहिती गेली असेही वाटू लागते. पुष्कळदा तसे झालेले नसते. डिस्क न सापडणे आणि माहिती नष्ट होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. घाईने केलेल्या उपायांमुळे मात्र पहिलीतून दुसरी उद्भवू शकते.

बायोसचे कार्य

संगणकाच्या मदरबोर्डवरील एका चिपमध्ये बायोस ही मूलभूत आज्ञावली असते. नव्या संगणकांत तिची जागा यूईएफआय या आज्ञावलीने घेतली असली, तरी व्यवहारात तिलाही बायोसच म्हटले जाते. शाळा भरताच गुरुजींनी हजेरी घ्यावी, त्याप्रमाणे वीजप्रवाह सुरू होताच बायोस स्मृती, कळफलक, डिस्क इत्यादी भागांची हजेरी घेते आणि नंतर ठरलेल्या क्रमाने डिस्कवरील विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या कार्यप्रणालीकडे कारभार सोपविते. हा क्रम व इतर निवडी बॅटरीवर चालणाऱ्या सीमॉस स्मृतीत जपण्याची पद्धत १९८४ मधील आयबीएमच्या एटी संगणकापासून रूढ झाली.

प्रथम काय पाहावे

संगणकाला लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह प्रथम काढावा. बायोसने त्यालाच आधी विचारले आणि त्यावर कार्यप्रणाली नसली, तर काही संगणक तेथेच अडतात.

त्यानंतर संगणक पुन्हा सुरू करून लगेच डिलीट किंवा एफ-२ ही कळ वारंवार दाबावी. काही संगणकांत ही कळ वेगळी असते. ती पडद्यावर आरंभी क्षणभर दिसते. बायोसचे पान उघडल्यावर डिस्कचे नाव यादीत आहे की नाही, एवढेच पाहावे. पुढील सारा तपास या एका उत्तरावर अवलंबून आहे.

नाव दिसत असेल तर

नाव दिसत असल्यास डिस्कची जोडणी बहुधा ठीक असते आणि दोष निवडींत किंवा कार्यप्रणालीत असतो. ‘बूट’ या पानावर कार्यप्रणाली असलेली डिस्क क्रमाने पहिली आहे का, ते पाहावे. कोणी ‘साटा मोड’ बदलून एएचसीआयऐवजी आयडीई केला असेल, तर विंडोज सुरू होता होता निळा पडदा दिसू शकतो. पूर्वीची निवड परत करताच काम सुरळीत होते. जुन्या पद्धतीने तयार केलेली डिस्क केवळ यूईएफआय पद्धतीने सुरू होत नाही, हेही लक्षात ठेवावे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो करण्यापूर्वी आधीची निवड कागदावर लिहून घ्यावी. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास अशा बदलानंतर ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती हाताशी असल्याखेरीज निवडी बदलू नयेत.

संगणकाचा दिनांक प्रत्येक वेळी कित्येक वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. ही बहुधा सीआर-२०३२ या क्रमांकाची, ३ व्होल्टची असते. ती संपल्याने निवडी पुसल्या जातात, डिस्कवरील माहिती नव्हे.

नाव दिसत नसेल तर

अशा वेळी वीजजोडणी पूर्ण काढून, पेटीच्या धातूच्या भागास हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी आणि मगच पेटी उघडावी. साटा डिस्कला दोन केबली असतात: ७ संपर्कांची माहितीसाठी आणि १५ संपर्कांची विजेसाठी. दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. माहितीची केबल बदलून व मदरबोर्डवरील दुसऱ्या जागी लावून पाहावी. बायोसमध्ये ती जागाच बंद केलेली नाही ना, हेही तपासावे. रुंद पट्टीची केबल असलेल्या जुन्या डिस्कांत एकाच केबलवरील दोन्ही डिस्का ‘मास्टर’ ठेवल्यास त्या नीट ओळखल्या जात नाहीत; एक ‘मास्टर’ व दुसरी ‘स्लेव्ह’ करावी लागते. एवढे करूनही नाव न आल्यास डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावी. तेथे ती दिसली, तर दोष पहिल्या संगणकात आहे.

कोठे थांबावे

डिस्कमधून टक्‌टक्‌ असा आवाज ठरावीक अंतराने येत असेल, तर संगणक त्वरित बंद करावा. आतील तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. वाचक शीर्ष बिघडले असता प्रत्येक नव्या प्रयत्नाने हानी वाढते. डिस्क घरी उघडू नये. ती जाणकाराकडेच द्यावी. एसएसडीमध्ये फिरता भाग नसल्याने ती बिघडतानाही असा आवाज येत नाही.

‘डिस्क फॉरमॅट करावी काय?’ असे विंडोजने विचारल्यास माहिती हवी असणाऱ्याने कधीही होकार देऊ नये.

बायोस डिस्क शोधून देऊ शकते. नष्ट झालेली माहिती परत आणणे तिच्या हाती नाही. म्हणून महत्त्वाच्या नोंदींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, संगणकापासून दूर ठेवावी आणि ती उघडते की नाही हे मधूनमधून पाहावे. नोंदवही जपणाऱ्या कारकुनाची दक्षता संगणकालाही तितकीच लागते.