शीलसंवर्धन आणि शाळा (लेखांक सहावा) : डॉ. कोटणीस मुलांना सांगावेत कसे?

मागील लेखांकात केवळ उपदेशवचनांच्या बळावर मुलांचे शील घडवू पाहणे किती व्यर्थ ठरते, याचा ऊहापोह आपण केला. फळ्याच्या माथ्यावर रोज नव्याने लिहिला जाणारा सुविचार दुसऱ्या दिवशी डस्टरच्या एका फटकाऱ्यासरशी जातो, आणि तो मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या मुलाच्या मनातून तर बहुधा त्याही आधीच गेलेला असतो. तेव्हा वचनाच्या जागी व्यक्ती आणावी, सुभाषिताच्या जागी चरित्र आणावे, हा उपाय शिक्षणाचा विचार करणारे लोक पूर्वापार सांगत आले आहेत, व तो खोटा नाही. परंतु ज्या रीतीने आमच्या शाळांतून ही चरित्रे मुलांच्या पुढ्यात ठेवली जातात ती रीत एकदा डोळे उघडे ठेवून पाहिली म्हणजे, वचनाची जी गत होते तीच व्यक्तीचीही होत असावी, अशी शंका आल्यावाचून राहत नाही.

जयंतीचा दिवस असतो. मैदानावर मुले वर्गवार रांगा धरून बसलेली असतात. टेबलावर तसबीर, तसबिरीला झेंडूचा हार, शेजारी उदबत्ती आणि फोडावयाचा नारळ, असा शिरस्त्याप्रमाणे सगळा थाट असतो. मग पाठांतर चोख असलेला पाचवी-सहावीतला एखादा मुलगा पुढे येतो, 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' असा प्रारंभ करतो, चार शब्द शांत चित्ताने ऐकून घेण्याची विनंती करतो, आणि जन्मतारीख, मातापित्यांची नावे, बालपणीची कुशाग्र बुद्धी, देशासाठी केलेला त्याग व मृत्यूचे साल हे सर्व एका दमात उरकून टाळ्यांच्या गजरात आपल्या जागी जाऊन बसतो. या भाषणातील नाव आणि सन तेवढे बदलले की, तेच भाषण पुढच्या महिन्यातील पुण्यतिथीलाही चालते. अर्थात चालतेही. थोर पुरुष जन्मतःच थोर असतो आणि मरून अमर होतो, एवढेच ज्याच्या कानी वर्षानुवर्षे पडले, त्या मुलाने आपल्यापुरता असा निष्कर्ष काढला की, जन्म तर आपल्या हातचा राहिला नाही आणि मरण्याची आपल्याला घाई नाही, तर त्याला दोष कोणी द्यावा?

आमच्या सोलापुरास आदर्शांचे मात्र दुर्भिक्ष नाही. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात ज्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना फाशी देण्यात आली, त्या मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांच्या नावाचा चौक येथील मुले दररोज ओलांडतात. त्यांचे स्मरण झालेच पाहिजे. परंतु आठ-नऊ वर्षांच्या मुलापुढे फाशीचा प्रसंग रंगवून सांगितल्याने त्याच्या वाट्याला थरार येतो, शील येत नाही, असे माझे मत आहे. त्यापेक्षा त्या घटनेच्या आधीचे जे दिवस आहेत ते सांगावेत. १९३० च्या मे महिन्यात सरकारी अंमल शहरातून उठल्यासारखा झाला असता, १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला जाईपर्यंतचे काही दिवस काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रस्त्यारस्त्यांवर उभे राहून वाहतूक आणि बंदोबस्त सांभाळला. पुढे लष्करी अंमलात डोक्यावर गांधी टोपी घालणे हाही अपराध होऊन बसला. भिन्न जातिधर्मांचे चार तरुण एका शहरात एका कामासाठी एकत्र कसे आले, आणि हुकूम सोडणारे कोणी नसतानाही माणसे शिस्तीने कशी वागली, हा भाग मुलांच्या आवाक्यातला आहे, व तोच आपण बहुधा गाळतो.

तथापि या लेखांकाचा मुख्य विषय दुसरा आहे. सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेले डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे चरित्र मी हेतुतः निवडले आहे. कारण त्यात शौर्याचा देखावा कमी आणि कामाचा भाग अधिक आहे, आणि ज्याचे अनुकरण मुलाला उद्या सकाळी करता येईल असे बरेच काही त्यात सापडते. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात पुरे करून ते पुढील अभ्यासाच्या तयारीत होते, त्या सुमारास जपानने चीनवर आक्रमण केले होते. चिनी साम्यवादी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी जनतेस आवाहन केले. निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक पाठविण्याचे ठरले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे त्या पथकाचे प्रमुख, नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी, आणि पाचवे, वयाची अठ्ठाविशीही न गाठलेले आपले कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' नावाच्या जहाजाने हे पथक मुंबईहून निघाले.

येथे शिक्षकाने थांबावे. मुलांना जहाज पाहण्याची घाई असते, पण जहाजात पाऊल ठेवण्यापूर्वीचा जो काळ आहे तोच शीलाच्या दृष्टीने मोलाचा असतो. एका मध्यमवर्गीय कुटुंबातील, धाकटी भावंडे पाठीशी असलेल्या, नुकता डॉक्टर झालेल्या मुलाकडून घराच्या अपेक्षा काय असतील. त्याने जाण्याची इच्छा बोलून दाखविली तेव्हा घरात काय मसलत झाली असेल. 'नाही' म्हणण्यास किती सबळ कारणे होती, आणि त्यांपैकी एकही कारण लज्जास्पद नव्हते, हे सारे मुलांनाच विचारावे आणि उत्तरे येईपर्यंत वाट पाहावी. चांगल्या माणसापुढे नेहमी एकीकडे पुण्य आणि एकीकडे पाप असे दोन सोपे रस्ते असतात, ही समजूत आमच्या गोष्टींनी मुलांत फार खोलवर रुजविली आहे. प्रत्यक्षात त्याच्यापुढे बहुधा दोन कर्तव्येच उभी असतात, आणि त्यांतले एक निवडताना दुसरे दुखावले जाते. चीनच्या अंतर्भागात असतानाच वडिलांच्या निधनाची वार्ता द्वारकानाथांना कळली; परतण्याची मुभा असूनही ते परतले नाहीत. हा निर्णय बरोबरच होता असे वर्गात ठासून सांगण्याची काही गरज नाही. ज्या मुलीला तो चुकला असे वाटेल तिला तसे म्हणू द्यावे. तिने त्या घराचा विचार केला, म्हणजे पाठ वाया गेला नाही.

१९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले. पुढे कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात, जपानी फौजांच्या पिछाडीला चाललेल्या गनिमी युद्धाच्या प्रदेशात गेले. या भागातील इस्पितळ म्हणजे चुन्याने रंगविलेल्या भिंतींची आणि खाटांच्या रांगांची इमारत, असे मुलांच्या डोळ्यांपुढे येते. ते चित्र आधी पुसावे लागते. शत्रू जवळ आला की हलावयाचे, जखमींना शेतकऱ्यांच्या घरांतून ठेवावयाचे, औषधांची आणि हत्यारांची सदैव टंचाई, अशा स्थितीत तेथे शस्त्रक्रिया चालत. त्या प्रदेशात त्यांच्यापूर्वी नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन शल्यविशारदाने असेच काम केले होते, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचा अंत झाला होता. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद १९४१ साली कोटणिसांकडे आले.

बहात्तर तास अखंड शस्त्रक्रिया केल्याची जी हकीकत त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाते, तिच्यावर आमच्या वक्त्यांचा विशेष जीव असतो. ती सांगू नये असे मी म्हणत नाही. पण मुलांना तिच्यातून उचलता येण्यासारखे फारसे काही नाही. उलट, ते चिनी भाषा शिकले, ही साधी गोष्ट मी दहा वेळा सांगेन. तिशीच्या उंबरठ्यावरील, आपल्या विद्येत निष्णात असलेला गृहस्थ परक्या मुलखात पुन्हा पहिलीच्या वर्गात बसल्याप्रमाणे अक्षरे गिरवू लागतो, चुकतो, हसे करून घेतो, आणि अखेर रोग्याशी त्याच्या भाषेत बोलतो, लिहितो व विद्यार्थ्यांना शल्यशास्त्र त्यांच्याच भाषेत शिकवितो. ज्या परिचारिकेशी त्यांनी १९४१ च्या अखेरीस विवाह केला त्या कुओ चिंगलान यांच्यावरही या परदेशी डॉक्टरच्या भाषाप्रभुत्वाची पहिली छाप पडली होती. आपल्या सोलापुरातील मुलांना या गोष्टीची गोडी निराळी सांगावयास नको. ज्या शहरात एका गल्लीत मराठी, दुसऱ्या गल्लीत तेलुगू, पलीकडे कन्नड आणि त्यापलीकडे उर्दू कानी पडते, त्या शहरातील वर्गात शेजारच्या बाकावरील मुलाची भाषा किती जणांना येते, हा प्रश्न कोटणिसांच्या चरित्रातून आपोआप निघतो. मूल्यशिक्षणाच्या दहा मूल्यांत संवेदनशीलता हे एक मूल्य म्हणून छापलेले आहे. तिचा एखादा गृहपाठ द्यावयाचा असेल तर शेजाऱ्याच्या भाषेतील दहा वाक्ये शिकून येणे, याहून चांगला गृहपाठ मला सुचत नाही.

आता अडचणीच्या गोष्टींकडे वळू. डॉक्टरांना अपस्माराचे झटके येत, आणि तशा प्रकृतीतही त्यांनी काम सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्या व्याधीनेच त्यांचा अंत झाला. त्या वेळी शल्यशास्त्रावरील पाठ्यपुस्तकाचे लेखन चालू होते व घरी काही महिन्यांचा मुलगा होता. ही हकीकत ऐकून एखादा मुलगा हमखास विचारतो की, डॉक्टर असून त्यांनी स्वतःची काळजी का घेतली नाही? या प्रश्नाला 'त्याग' हा एक शब्द फेकून गप्प बसविणे सोपे आहे, पण ते प्रामाणिकपणाचे नाही. प्रकृतीची हेळसांड हा सद्गुण नव्हे, आणि थोर माणसाच्या प्रत्येक कृतीला थोर म्हटलेच पाहिजे असा काही कायदा नाही, हे शिक्षकाने स्पष्ट म्हणावे. त्याने डॉक्टर लहान होत नाहीत.

मृत्यूपूर्वी काही महिने, १९४२ मध्ये, ते चिनी साम्यवादी पक्षाचे सभासद झाले होते, हीही गोष्ट चरित्रकार लपवीत नाहीत. शाळेतील भाषणे मात्र ती जाणूनबुजून वगळतात. त्यातच १९६२ च्या युद्धानंतर चीनचे नाव निघताच आपल्या मनात जी कटुता येते, तिच्यामुळे शिक्षकाची अधिकच कुचंबणा होते. चीनचे राज्यकर्ते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांची आवर्जून भेट घेतात, त्या वेळी वर्तमानपत्रांतून डॉक्टर एकाएकी जवळचे होतात, आणि सीमेवर काही खटकले की पुन्हा दूरचे होतात. दोन सरकारांतील संबंधांच्या पाऱ्यावर एका माणसाच्या माणुसकीची किंमत ठरविणे, हा प्रकार मुलांसमोर तरी होऊ नये. कोटणिसांनी ज्या जखमा बांधल्या त्या आक्रमणाखाली भरडल्या जाणाऱ्या शेतकऱ्यांच्या आणि शिपायांच्या होत्या. त्यांचे राजकीय मत पटणे वा न पटणे हा वर्गातील थोरल्या मुलांच्या वादाचा विषय होऊ शकतो, व व्हावाही. पण मत गाळून माणूस सांगितला तर उरतो तो प्लास्टरचा अर्धपुतळा.

व्ही. शांताराम यांनी १९४६ साली या चरित्रावर चित्रपट काढला व डॉक्टरांची भूमिका स्वतः केली. डॉक्टरांचे नाव घरोघरी पोचले ते बव्हंशी त्यामुळे. चित्रपट जरूर दाखवावा. मात्र तो दाखविल्याने पाठ झाला, असे समजून दप्तरी नोंद करू नये. भैय्या चौकातील डॉक्टरांच्या राहत्या घराचे आता स्मारक झाले आहे. शाळेतून तेथे पायी जाता येत असेल तर सहलीचा खर्चही नाही. पण तेथे नेऊन मुलांना रांगेत उभे करून नमस्कार करविण्यापेक्षा, त्या घरातून निघालेला माणूस काय काय सोबत घेऊन गेला असेल, याची यादी त्यांना करू द्यावी. माझा अनुभव असा की, यादीत पहिल्याने स्टेथोस्कोप येतो आणि मग बऱ्याच वेळाने, दबकत, कोणीतरी 'शेंगाची चटणी' म्हणते, आणि वर्ग हसतो. त्या हसण्यानंतर डॉक्टर त्या मुलांच्या गावचे होतात.

प्रसंगाची निवड चुकली की काय होते याचेही एक उदाहरण येथे सांगून टाकतो. लोकमान्य टिळकांच्या बालपणीची शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगितल्यावर मधल्या सुट्टीनंतर वर्गात कचरा उचलावयास कोणी तयार होत नाही, हा अनुभव पुष्कळ शिक्षकांच्या गाठी असेल. अन्यायाने लादलेली शिक्षा नाकारणे, हा त्या गोष्टीचा गाभा. परंतु मुलाने तेवढे 'मी उचलणार नाही' हेच उचलले, याला जबाबदार गोष्ट नव्हे, सांगणारा होय.

शेवटी एक प्रश्न राहतो, जो वर्गातून आला तर शिक्षकाने भूगोलाचा तास थोडा उशिरा सुरू केला तरी हरकत नाही. कोटणिसांच्या पथकातून चीनला गेले पाच; आमच्या तोंडी नाव राहिले एकाचे. मग जे परत आले त्यांचे काय? डॉ. चोळकर आपल्याच नागपूरचे. तेही त्याच जहाजाने गेले. डॉ. बसू १९४३ मध्ये मायदेशी परतले आणि पुढे सुया टोचून उपचार करण्याची चिनी पद्धती त्यांनी भारतात आणली; कलकत्त्यात ते तिचा वापर व प्रसार करीत राहिले. ही माणसे परतली म्हणून त्यांची पायरी खाली, असे एखाद्या मुलाने गृहीत धरले असेल, तर ते गृहीत आमच्याच हारतुऱ्यांनी त्याच्या मनात घातले आहे. परतलेल्या या चौघांची नावे कोटणिसांच्या तसबिरीखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, एखाद्या शाळेने लिहून पाहावीत.

पुढील लेखांकात आपण याच जिल्ह्यातील पंढरपुरास जाऊ. तेथे १९४७ च्या मे महिन्यात, विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी जे प्राणांतिक उपोषण केले, ते लहान मुलांना कितपत आणि कोणत्या वयात सांगावे, याविषयी वाचकांपैकी ज्या शिक्षकांस काही लिहावयाचे असेल, त्यांची पत्रे तत्पूर्वी आल्यास त्यांचाही विचार करता येईल.