मधमाशीसारखी दिसणारी, पण डंख न मारणारी माशी कोणती?

फुलावर हेलिकॉप्टरसारखी हवेत एकाच जागी थांबलेली पिवळी-काळी माशी तुम्ही पाहिली असेल. अनेक जण तिला गांधीलमाशी समजून हाकलतात किंवा मारतात. प्रत्यक्षात तिला डंखच नसतो. ही सिरफिड माशी, म्हणजेच होवरफ्लाय. तिची सर्वाधिक आढळणारी एक जात म्हणजे एपिसिर्फस बाल्टिएटस.

ती ओळखायची कशी?

लांबी साधारण 1 सेंटीमीटर. नारिंगी पोटावर काळे पट्टे जोडीने असतात, एक जाड आणि एक बारीक. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, हिला एकच. नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटलेले असतात, मादीच्या डोळ्यांमध्ये फट असते.

मग ती मधमाशीसारखी का दिसते?

डंख मारणाऱ्या कीटकांचे रंग पाहून पक्षी दूर राहतात. ही माशी त्याच रंगांचा फायदा घेते.

शेतकऱ्यांना तिचा उपयोग काय?

प्रौढ माशी मकरंद आणि परागकण खाते, त्यामुळे परागीभवन होते. पण खरं काम अळीचं. मादी मावा पडलेल्या पानांवर पांढरी अंडी घालते. अंड्यातून निघणाऱ्या अळीला पाय नसतात. ती चाचपडत माव्याला पकडते आणि आतला रस शोषून घेते. कोषात जाईपर्यंत एक अळी शेकडो मावा फस्त करते.

ती कुठे आढळते?

युरोप, उत्तर आफ्रिका आणि भारतासह जपानपर्यंतच्या आशियात. काही माश्या ऋतूनुसार स्थलांतरही करतात. ब्रिटनमधील रडारच्या नोंदींवर आधारित 2019 च्या अभ्यासानुसार, ही आणि आणखी एक जात मिळून वर्षाला 400 कोटींपर्यंत माश्या दक्षिण ब्रिटनमध्ये ये-जा करतात.

धोका कशाचा?

मोहरी किंवा कोबीच्या पानावरची ही हिरवट अळी पाहून अनेकांना ती कीडच वाटते आणि फवारणी होते. त्यात माव्याबरोबर त्याचा शत्रूही मरतो. मावा झपाट्याने पुन्हा वाढतो, अळ्या मात्र लवकर परतत नाहीत. म्हणून फवारणीआधी पान उलटून पाहा. माव्याच्या गर्दीत बिनपायाची अळी दिसली, तर ती तुमच्याच बाजूने काम करत असण्याची शक्यता मोठी आहे.