खतावणी गेली, कीर्द राहिली

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे अजून चोपडी पुजतात. वडील दुकानात कीर्द लिहीत. व्यवहार घडला की लगेच, ओळीखाली ओळ. खतावणी मागाहून, सवडीने. खतावणी उंदरांनी खाल्ली तरी कीर्दीवरून सारी खाती पुन्हा उभी करता येतात, असे ते म्हणत. संगणकाच्या धंद्यात 30 वर्षे काढूनही मला त्याची खरी आठवण झाली ती एका पतपेढीत.

बुधवारी सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी तिथली एक डिस्क बंद पडली. सभासदांची सगळी खाती तिच्यावर! मी पोहोचलो तो चिटणीस घामाघूम, बाहेर ठेवीदारांची रांग. रविवारी मध्यरात्री घेतलेली पूर्ण नक्कल तेवढी होती.

"काका, तीच चढवू या का? काउंटर तरी चालू होईल," तिथला तरुण म्हणाला.

"अरे, आणि सोमवारपासूनचे पैसे?"

डेटाबेसही कीर्द ठेवतो. तिला 'लॉग' म्हणतात. खात्यातला बदल डिस्कवर जाण्याआधी त्याची नोंद लॉगमध्ये पडलीच पाहिजे, असा दंडक आहे. मद्रासच्या आय.आय.टी.त शिकलेले सी. मोहन आणि त्यांचे आय.बी.एम.मधील सहकारी यांनी 1992 साली या विद्येवर जो प्रबंध लिहिला, तो आजही प्रमाण मानतात.

सुदैवाने लॉग दुसऱ्या डिस्कवर होता. दर तासाला त्याची नक्कलही निघे. पण 11 नंतरच्या 40 मिनिटांचे शेपूट अजून कुठेच उतरवलेले नव्हते. घाईने जुनी नक्कल चढवली असती तर तेवढे कायमचे गेले असते. म्हणून आधी शेपूट काढून घेतले. मग रविवारची नक्कल, तिच्यावर 59 तासांचे 59 लॉग, क्रमाने. मधला एक जरी हरवला तरी पुढचे सगळे कुचकामी! शिवाय प्रत्येक वेळी यंत्राला सांगावे लागते, 'अजून पुढे आहे.' सदतिसाव्याला आमचा तरुण तेच विसरला. यंत्राने काम संपले असे समजून दार लावून घेतले. पुन्हा रविवारपासून श्रीगणेशा! चिटणिसांनी तोवर तिसरा चहा मागवला होता.

संध्याकाळी शेपूटही चढले. काउंटरवरच्या चिठ्ठ्या एकेक करून ताडून पाहिल्या. एका गृहस्थांची रक्कम काढण्याची नोंद तेवढी नव्हती. पण ती अर्धवट राहिली होती आणि पैसेही दिले गेले नव्हते, म्हणून यंत्राने ती आपणहून पुसली होती.

दुसऱ्या दिवशी एक आजी पासबुक भरून घ्यायला आल्या. बुधवारी 11 वाजून 35 मिनिटांनी त्यांनी 500 रुपये भरले होते. नोंद छापून आली. पासबुक पिशवीत घालत आजी म्हणाल्या, "काल फार ताटकळत ठेवलंत हो!"