इन्शुलिनची जागा बदला, पण जपून

गेल्या उन्हाळ्यात आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. तिला मधुमेह होऊन वीस वर्षे झाली, त्यातली शेवटची आठ इन्शुलिनवर. ३०/७० मिक्स, पेनने, सकाळी २४ आणि रात्री १६ युनिट. आल्यापासून तिच्या साखरेचा काही मेळ बसेना. सकाळी उपाशीपोटी एक दिवस ११०, तर दुसऱ्या दिवशी २४०. आम्ही आधी इंडियन ग्रोसरीतून आणलेल्या आमरसाच्या डब्यावर संशय घेतला, मग प्रवासाच्या शिणावर आणि शेवटी आईवरच. "चोरून काही खातेस का गं?" असे मी विचारलेसुद्धा. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही.

मग एके सकाळी ती टोचून घेत असताना माझे लक्ष गेले. बेंबीच्या उजव्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा होता. हात लावून पाहिले तर रबरासारखा घट्ट. "अगं, इथेच का टोचतेस?" "इथे दुखत नाही रे. आणि हाताला सोयीचं पडतं."

या गाठीला डॉक्टर लायपोहायपरट्रॉफी म्हणतात. इन्शुलिनचा एक गुणधर्म म्हणजे ते चरबीच्या पेशींना वाढवते. रोज त्याच जागी टोचले की तिथली चरबी फुगते, पुढे निबर होते. तिथे टोचलेले कमी जाणवते, म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो. पण अशा गाठीतून इन्शुलिन रक्तात जाते ते लहरीप्रमाणे, कधी थोडे, कधी उशिरा. माझ्या धंद्यात एकाच इनपुटला रोज वेगळे आउटपुट येऊ लागले की आम्ही प्रोग्राम तपासतो, वापरणाऱ्यावर चोरीचा आळ घेत नाही. घरी मात्र ही अक्कल सुचली नाही!

हा प्रकार दुर्मिळही नाही. स्पेनमध्ये इन्शुलिन घेणाऱ्या ४३० जणांना तपासून केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे ६४ टक्के लोकांना अशा गाठी होत्या. गाठी असलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांची साखर अधूनमधून विनाकारण एकदम उतरत असे, गाठी नसलेल्यांत हेच प्रमाण ६ टक्के होते. तसे पाहिले तर कातडीची तक्रार इन्शुलिनइतकीच जुनी आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इन्शुलिन टोचले, तेव्हा टोचल्या जागी गळू झाले होते. औषध पुढे शुद्ध होत गेले, आणि कातडीला खड्डे पडण्याचा जुना प्रकार आता क्वचितच दिसतो. गाठी मात्र राहिल्या.

आता माझी चूक सांगतो. गाठ सापडल्याच्या आनंदात मी त्याच रात्री आईला डाव्या बाजूला, नव्या जागी, पूर्ण १६ युनिट घ्यायला लावले. पहाटे तीनला तिने हाक मारली. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते. साखर ५२. अर्धा कप ऑरेंज ज्यूस दिला, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, पुन्हा थोडा दिला, तेव्हा ती सावरली. (माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, सरळ ९११ला फोन करावा.) गाठीत वाया जाणाऱ्या इन्शुलिनच्या हिशेबाने वाढवलेला डोस निरोगी कातडीतून पुरेपूर लागू पडला होता. अमेरिकेत मिळणाऱ्या इन्शुलिनच्या माहितीपत्रकात हा इशारा छापलेला असतो. मॅन्युअल न वाचण्याची सवय मला महागात पडली असती.

दुसऱ्या दिवशी तिच्या पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी डोस उतरवला आणि काही आठवडे दिवसातून चार वेळा साखर तपासायला सांगितले. तेव्हा जागा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. डोस किती कमी करायचा हे त्यांनीच ठरवायचे, इंजिनिअर मुलाने नव्हे. आईच्या पोटाचे आम्ही मनाने चार भाग केले. दर आठवड्याला एक भाग, आणि प्रत्येक टोचणी आधीच्या जागेपासून बोटभर अंतरावर. मांडीचा बाहेरचा भागही चालतो. गाठीला मात्र हात लावायचा नाही. जागा लाल, गरम झाली किंवा पू आला तर तो वेगळा प्रश्न, तिथे लगेच डॉक्टर गाठावा.

दुसरे कारण सुई. दिवसाला दोन टोचण्या म्हणजे सहा महिन्यांत ३६० सुया. आईने आणल्या होत्या पन्नास! काटकसर म्हणून एकच सुई आठवडाभर. वारंवार वापरलेली सुई बोथट होते आणि गाठींना हातभार लावते. इथे शंभर सुयांचा डबा, दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा, आम्हाला वीस डॉलर्सच्या आत मिळाला. म्हणजे चार डबे ऐंशी डॉलर्सच्या आत. व्हिजिटर्स इन्शुरन्स जुन्या आजाराचा खर्च बहुधा देत नाही, त्यामुळे पहाटेची एक इमर्जन्सी रूम टळली तरी हे पैसे कितीतरी पटींनी वसूल. ४ मिलिमीटरची सुई जाड माणसालाही पुरते. वापरलेल्या सुया डिटर्जंटच्या जाड बाटलीत टाकाव्यात. ज्यांच्या आई-वडिलांना मेडिकेअर आहे त्यांना १ जानेवारी २०२३ पासून पार्ट डीमध्ये समाविष्ट असलेल्या इन्शुलिनसाठी महिन्याला ३५ डॉलर्सहून जास्त भरावे लागत नाहीत. सुया, सिरिंजही पार्ट डीमध्ये येतात.

पेनऐवजी बाटली वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. भारतातल्या पुष्कळ बाटल्या दर मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, इथल्या १०० युनिटच्या. तिकडची लाल टोपीची सिरिंज इथल्या बाटलीला लावली तर डोस अडीचपट जातो. बाटली इथली तर सिरिंजही इथलीच घ्यावी.

आई डिसेंबरात परत गेली. गाठ पुरती गेली नाही, पण मऊ पडली आहे. दर रविवारी फोनवर मी साखर विचारायच्या आधीच ती सांगते, "या आठवड्यात डावीकडे, खाली." आमरसाचा विषय मात्र अजून निघतो.