जनसंज्ञापनाची पदव्युत्तर पदवी आणि संशोधनाची शिस्त

वृत्तपत्रविद्या ही विद्यापीठात शिकविण्याजोगी विद्या आहे, की वृत्तपत्राच्या कचेरीत राबूनच अंगी बाणणारे कसब आहे, हा वाद जुना आहे. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात १९०८ साली या विषयाचे स्वतंत्र विद्यालय निघाले. आपल्याकडे लाहोर येथील पंजाब विद्यापीठात १९४१ साली पृथ्वीपाल सिंग यांनी त्याचे अध्यापन सुरू केले, आणि १९५२ साली नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात त्याचा विभाग उघडला. व्यवसायाला सुशिक्षित माणसे पुरवावीत, हा या प्रयत्नांमागील एक प्रमुख हेतू होता.

तो हेतू योग्यच होय. तथापि बातमी लिहिणे, मथळा देणे, पान लावणे, ध्वनिमुद्रण वा चित्रीकरण करणे ही कौशल्ये पदविकेच्या अभ्यासातही मिळतात, आणि प्रत्यक्ष कामावर ती अधिक लवकर मुरतात. मग पदव्युत्तर पदवीसाठी आयुष्याची दोन वर्षे का द्यावीत? हा प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि अध्यापकांनी तो टाळू नये. त्याचे उत्तर असे की, व्यवसाय संदेश पाठविण्यास शिकवितो. पाठविलेल्या संदेशाचे पुढे काय झाले हे पडताळून पाहण्यास त्याला सहसा सवड नसते. ती पडताळणी शिकविणे हे विद्यापीठाचे काम आहे.

या पडताळणीचे एक उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठीभाषी जिल्ह्यांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. सुमारे १५० गावांत मंडळे स्थापण्यात आली. ठरलेल्या सायंकाळी सभासद एकत्र येत, शेती, आरोग्य इत्यादी विषयांवरील अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, आणि नंतर त्यावर आपसांत चर्चा करीत. प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते व पॉल न्यूरॅथ हे त्याचे प्रमुख होते.

मूल्यमापनाची रचना विचारात घेण्यासारखी आहे. केवळ मंडळांच्या सभासदांना ‘कार्यक्रम आवडला काय?’ असे विचारले असते, तर बहुतेकांनी होकार दिला असता आणि त्यातून काहीच सिद्ध झाले नसते. त्याऐवजी तीन प्रकारची गावे घेण्यात आली: मंडळ असलेली, रेडिओ असून मंडळ नसलेली, आणि रेडिओही नसलेली. कार्यक्रममालेच्या आधी व नंतर लोकांचे ज्ञान तपासण्यात आले. मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ ठळकपणे दिसली. इतरत्र ती अल्पच होती. म्हणजे केवळ रेडिओ गावात असणे पुरेसे नव्हते; एकत्र ऐकणे व ऐकलेल्याची चर्चा करणे यांचा त्यात मोठा वाटा होता. १९५९ साली ही योजना देशाच्या इतर भागांत नेण्यात आली.

चिकित्सक विद्यार्थी येथेच थांबणार नाही. मंडळाला अध्यक्ष होता, संयोजक होता. बाहेरच्या लोकांचे त्याच्याकडे विशेष लक्ष होते. मग झालेली वाढ चर्चेमुळे किती आणि या लक्षामुळे किती? असा प्रश्न विचारल्याने मूळ प्रयोगाचे मोल कमी होत नाही. पुढच्या प्रयोगाची दिशा मात्र ठरते. संशोधनाची शिस्त ती हीच.

हॅरॉल्ड लासवेल यांनी १९४८ साली संज्ञापनाच्या अभ्यासाची विभागणी पाच प्रश्नांत केली: कोण बोलतो, काय बोलतो, कोणत्या माध्यमातून, कोणाशी, आणि कोणत्या परिणामाने. प्रबंधिकेचा विषय निवडताना आपला प्रश्न या पाचांपैकी कोणता, हे विद्यार्थ्याने आधी ठरवावे. ‘समाजमाध्यमांचा तरुणांवरील परिणाम’ हे शीर्षक विषयाचे नाव आहे, प्रश्न नव्हे. एखाद्या जिल्ह्यातील दोन दैनिकांनी निवडणुकीच्या महिन्यात पाणीटंचाईच्या बातम्यांना किती व कोणत्या पानावर जागा दिली, हा प्रश्न लहान आहे. परंतु त्याचे उत्तर मिळू शकते. त्यासाठी वर्गीकरणाचे निकष आधी लिहून ठेवावेत, आणि तोच मजकूर दुसऱ्या अभ्यासकाकडूनही वर्गीकृत करून घ्यावा. दोघांचे निष्कर्ष फार भिन्न आल्यास दोष बहुधा निकषांत असतो.

येथे एक मर्यादा पाळणे अवश्य आहे. आशयविश्लेषणाने काय छापले गेले हे कळते. वाचकाच्या मनावर त्याचा काय परिणाम झाला हे कळत नाही. पहिल्याचा पुरावा देऊन दुसऱ्याचा निष्कर्ष काढणे हा आपल्या प्रबंधिकांत नित्य आढळणारा दोष आहे. परिणाम सांगावयाचा असेल तर वाचकाकडे गेलेच पाहिजे, आणि तुलनेसाठी ज्याने ते वाचले नाही त्याच्याकडेही गेले पाहिजे.

पदवीनंतर विद्यार्थ्यांपैकी मोजकेच संशोधक होतील. पुष्कळजण वृत्तकक्षात, जाहिरातसंस्थेत किंवा शासकीय प्रसिद्धिविभागात जातील. तेथे ‘आमची मोहीम यशस्वी झाली’ असा अहवाल त्यांच्यापुढे वारंवार येईल, आणि त्याच्या आधारावर सार्वजनिक पैसा खर्च होईल. त्या वेळी ‘ज्या गावांत मोहीम गेली नाही तेथे काय आढळले?’ एवढे विचारण्याचे भान ज्याला राहील, त्याची ही दोन वर्षे वाया गेली नाहीत असे खुशाल समजावे.