बंद खाणीचे पाणी

सातारा जिल्ह्यात डोंगराच्या कुशीत दगडाच्या खाणी दिसतात. काही चालू असतात, तर काही सोडून दिलेल्या. सोडून दिलेल्या खाणीत पावसाळ्यात पाणी साचते. आधी ते गढूळ असते. मग गाळ तळाशी बसतो आणि पाणी निवळते. त्यामुळे आपल्याला वाटते, की खाण बंद पडली म्हणजे तिचा त्रासही संपला. दगडाच्या खाणीबाबत हे बरेचसे खरे आहे. कोळशाच्या खाणीचे तसे नसते. तिथे मोठा त्रास कधी कधी खाण बंद झाल्यावरच सुरू होतो.

आपल्या कृष्णेच्या काठी, वाईपासून सांगलीपर्यंत, कोळशाची एकही खाण नाही. इथला काळा कातळ लाव्हारसापासून बनलेला आहे. तो सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. कोळसा त्याहून कितीतरी जुना. सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या वनस्पतींपासून तो तयार झाला. महाराष्ट्रात तो विदर्भात, विशेषतः चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर या जिल्ह्यांत सापडतो. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथील जुनी सरकारी खाण १९०६ साली बंद झाली. म्हणजे बंद खाणी ही तिथे आजची गोष्ट नाही.

आता खाणीच्या आत काय घडते ते पाहू. कोळशाच्या थरात व आसपासच्या खडकात पायराइट नावाचे खनिज असते. ते पिवळे आणि चकचकीत असते. सोने समजून अनेक जण त्याला फसले आहेत! त्यात लोखंड आणि गंधक असते. (गंधकाला उर्दूतही गंधकच म्हणतात.) हे खनिज जमिनीत खोल असते तोवर त्याचा कोणालाही उपद्रव नसतो, कारण तिथे हवा पोहोचत नाही. माणूस खाण खोदतो आणि हवा व ओल आत जाते. मग हवा, पाणी आणि पायराइट यांपासून गंधकाम्ल तयार होते. तेजाब म्हटले तर तुम्हांला लगेच कळेल. डोळ्यांना न दिसणारे काही जीवाणू हे काम आणखी वेगाने घडवून आणतात.

खाण चालू असते तेव्हा पंप रात्रंदिवस पाणी उपसतात. त्यामुळे बोगदे कोरडे राहतात. खाण बंद झाली, की पंपही बंद होतात. जमिनीतील पाणी हळूहळू वर चढते. बोगद्यांच्या भिंतींवर वर्षानुवर्षे साठलेले क्षार त्यात विरघळतात. पाणी चढत चढत खाणीच्या सर्वांत खालच्या तोंडाशी येते आणि तिथून ओढ्यात वाहू लागते. हे पहिले पाणी बहुधा सर्वांत वाईट असते. पुढे बुडालेल्या भागात हवा पोहोचत नाही, म्हणून तिथे नवे आम्ल कमी बनते.

खाणीतून निघताना हे पाणी कधी कधी अगदी स्वच्छ दिसते. त्यातले लोखंड विरघळलेले असते ना! उघड्या हवेत आले, की त्याचा गंजासारखा नारिंगी गाळ बनतो. तो नदीच्या तळावरील दगडांवर बसतो. दगडांखाली राहणारे किडे आणि अळ्या त्यात गुदमरतात. माशांचे अन्न तेच असते. आम्ल फार असेल तर मासेही मरतात.

इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे व्हील जेन नावाची कथलाची खाण होती. ती १९९१ साली बंद झाली, पंप थांबले आणि जानेवारी १९९२ मध्ये आतले पाणी बाहेर फुटून नदी नारिंगी झाली. ती खाण कोळशाची नव्हती, पण क्रिया हीच. आपल्या देशात मेघालयातील जैंतिया टेकड्यांतही कोळशाच्या खाणींमुळे नद्यांचे पाणी आम्लयुक्त झाले. तिथल्या कोळशात गंधक फार असते.

विदर्भातील कोळशात गंधक त्या मानाने कमी आहे, हे आपले नशीबच. पण तेवढ्याने नदी सुटत नाही. चंद्रपूर शहराजवळून इरई नदी वाहते आणि पुढे वर्धा नदीला मिळते. खाणीतून काढलेल्या मातीचे उंच ढिगारे तिच्या काठी उभे आहेत. पावसात ती माती पात्रात येते, पात्र उथळ होते. शिवाय खाणीच्या पाण्यात क्षार असतात. त्यांमुळे पाणी जड होते. असे पाणी दिसायला निर्मळ असते, पण कपड्यांना साबण लावला तरी सहज फेस येत नाही.

आम्लावर जुना उपाय चुन्याचा. चुन्यामुळे आम्लाचा जोर मोडतो आणि लोखंड गाळ होऊन खाली बसते. चुनखडी चंद्रपूर जिल्ह्यातच भरपूर आहे. तिच्यावर तिथे सिमेंटचे कारखाने चालतात. शुद्ध केलेले पाणी वापरताही येते. नागपूर जिल्ह्यातील पाटणसावंगी येथे खाणीचे पाणी शुद्ध करून 'कोल नीर' या नावाने बाटल्यांत भरले गेले.

परंतु बंद खाणीत चुना कोणी टाकायचा आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे? केंद्र सरकारने २००९ साली कोळसा खाणींसाठी नियम केले. खाण बंद कशी करणार याची योजना आधीच मंजूर करून घ्यायची आणि त्यासाठी दरवर्षी बँकेत वेगळी रक्कम ठेवायची, असे त्यांत सांगितले आहे. त्यापूर्वी सोडून दिलेल्या खाणींसाठी अशी रक्कम कोणी बाजूला ठेवली नव्हती. त्यांच्यात साठलेले पाणी मात्र दर पावसाळ्यात वाढते.