मामांच्या गाडीची ऊबदार मूठ

सोलापूरहून तुळजापूरला जाताना वाटेत तामलवाडी लागते. गाव धाराशिव जिल्ह्यातलं, पण बाजारहाटाला सोलापूर सोयीचं. कोजागरीला या रस्त्यावरून देवीला पायी जाणाऱ्यांची केवढी रीघ लागते, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. मी सांगणार आहे ती गोष्ट मात्र पौषातली, शाकंभरी नवरात्राच्या दिवसांतली. तेव्हा पहाटे याच रस्त्यावर दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेल्या मोटरसायकली दिसतात. त्यातली एक आमच्या मामांची.

एके दिवशी मामा सोलापूरहून परतले ते गप्पच होते. चहाची बशी तोंडाला लावून मग म्हणाले, "आज वाचलो बघ लेकरा. पुढं उसाची ट्रॉली, मागं दिवा न्हाई तिला. ब्रेक दाबला का न्हाई, तेच बोटांना कळंना!"

मुलांनो, यात अतिशयोक्ती नाही. हवा १० अंशांची असली, तरी ताशी ५० किलोमीटरने जाणाऱ्याच्या उघड्या हाताला ती ५-६ अंशांसारखी झोंबते, कारण वारा हाताभोवतीची उबदार हवा टिकूच देत नाही. बोटं बधिर होतात. आणि ५० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर गेली ना ७ मीटर पुढे! हातमोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधूनही मामांचं भागत नव्हतं.

मामेभाऊ दादा तेव्हा आयटीआयला वायरमनचा कोर्स करत होता. त्याने गरम होणाऱ्या ग्रिपची जोडी आणली. लडाखला जाणारे मोटरसायकलवाले अशा ग्रिप बसवतात. दिसायला साध्याच रबरी मुठी, पण आत बारीक तारेचं वेटोळं. तारेतून विद्युतधारा गेली की तार तापते. आपल्या इस्त्रीत हेच होतं. जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये याचा नियम मांडला: धारा दुप्पट केली, तर उष्णता चौपट होते. तुमच्या दहावीच्या पुस्तकातला जूल तो हाच.

दादाने एका संध्याकाळी ग्रिप बसवल्या, वायरी थेट बॅटरीला जोडल्या आणि मध्ये एक बटण टाकलं. मामांनी गावात एक चक्कर मारली, खूश झाले, आणि बटण बंद करायचं विसरून जेवायला बसले.

पहाटे सेल्फ दाबला, तर नुसता 'टक्' आवाज. हॉर्न मुका. किक मारून मारून मामा भर थंडीत घामाघूम झाले! त्या दिवशी दूध उशिरा पोचलं आणि दादाला दिवसभर ऐकून घ्यावं लागलं.

काय झालं होतं? दादाने वहीत मांडून दाखवलं. एक ग्रिप १८ वॅटची, म्हणजे दोन मिळून ३६ वॅट. बॅटरी १२ व्होल्टची. ३६ भागिले १२ म्हणजे ३ अँपिअर. गाडीची बॅटरी होती ३ अँपिअर-अवरची. म्हणजे तासाभरात ठणठण गोपाळ!

मग दादाने रिले आणला. रिले म्हणजे विजेने चालणारा छोटा दारवानच. त्याच्या पोटात एक विद्युतचुंबक असतो. गाडीची किल्ली फिरवली की त्याला चिमूटभर धारा मिळते, तो आतली पट्टी ओढतो आणि बॅटरीपासून ग्रिपपर्यंतचा जाड वायरीचा रस्ता उघडतो. किल्ली काढली की रस्ता बंद. बटण विसरलं तरी चालतं. शिवाय बॅटरीजवळच त्याने ५ अँपिअरचा फ्यूज टाकला. हँडल सारखं वळत असल्याने वायरीचं आवरण तिथे घासतं. उघडी तार लोखंडाला लागली, तर वायरिंग जळण्याआधी फ्यूज जळावा.

तरी एक अडचण उरलीच. ३६ वॅट म्हणजे हेडलाइटएवढीच भूक. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंदच होत नाही. छोट्या गाडीच्या इंजिनाने एवढी वीज कुठून आणायची? गाडी हळू झाली की दिवा मिणमिणायचा.

इथे दादाने जी युक्ती केली, ती मला फार आवडली. आधी दोन्ही ग्रिप समांतर जोडणीत होत्या, दोघींना पूर्ण १२ व्होल्ट मिळत होते. त्याने एक असं बटण बसवलं, की दुसऱ्या बाजूला दाबलं की त्याच ग्रिप एकसर जोडणीत येतात, म्हणजे एकीतून निघालेली धारा दुसरीत जाते. प्रत्येकीचा रोध ८ ओहम, दोघींचा मिळून १६. धारा उरली पाऊण अँपिअर. आता गुणाकार करा: १२ गुणिले पाऊण, फक्त ९ वॅट! मला वाटलं होतं निम्मी उष्णता होईल, झाली पाव. निघताना 'जास्त', बोटं तापली की 'कमी'. हल्लीच्या महागड्या ग्रिपमध्ये हेच काम इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर करतो. तो सेकंदात अनेकदा वीज चालू-बंद करून सरासरी कमी ठेवतो.

एक गंमत अजून राहिली. मामांचा डावा हात गारच राहायचा. उजवी ग्रिप एक्सिलेटरच्या प्लास्टिक नळीवर असते, प्लास्टिक उष्णता अडवतं. डावी थेट लोखंडी हँडलवर, त्यामुळे अर्धी ऊब हँडलच खाऊन टाकायचं! मग डाव्या ग्रिपखाली उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळली. उजवीकडे दादा वेगळ्याच कारणाने अर्धा तास खटपटत होता. एक्सिलेटर फिरतो, तशी ग्रिपची वायरही फिरते. ती ताणली गेली, तर एक्सिलेटर मागे येणार नाही आणि गाडी सुसाट सुटेल! म्हणून त्याने वायरीला सैल वेटोळं ठेवलं, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पुन्हा पुन्हा पाहिलं. ब्रेक आणि एक्सिलेटरशी गाठ असलेलं हे काम जाणत्या माणसाचंच, बरं का. तुम्ही वहीतलं गणित करून बघा.

त्यानंतर प्लास्टिकच्या पिशव्या गेल्या. मामा सोलापुरात पोचल्यावर ओळखीच्यांना गाडीची मूठ धरायला लावतात, म्हणे. मामी मात्र परवा दादाला म्हणाल्या, "आरं, चारला उठून गोठा मी झाडते. माझ्या खराट्याला बसीव की असली मूठ!"

दादा अजून विचार करतोय.